सातचा चौकोन

बाई : मी रागावले नाही हो, नुसतं विचारतेय. सहा आहे, आठ आहे. मधला सात कुठे गेला?

मामा : कुठे जाणार? दुपारपर्यंत इथेच होता. अठ्ठावीस मुलं, अठ्ठावीस चौकोन, तुम्हीच मोजून घेतलेत ना माझ्याकडून? वीस वर्षं पाट्या रंगवतोय बाई. दुकानांच्या रंगवल्या, दवाखान्यांच्या रंगवल्या. आजवर एक आकडा गाळला नाही.

बाई : मग हे काय? नुसता करडा चौकोन. आणि उद्या सकाळी पालक येणार आहेत खेळ बघायला.

मामा : थांबा, बोट लावून बघतो. ओलं आहे की! कोणीतरी वरून रंग फासलाय. माझ्याच डब्यातला, फरशीसाठी कालवलेला.

बाई : शाळा सुटून तास झाला. आता मैदानात आहे कोण? तुम्ही, मी, आणि तुमची भाची.

मामा : भिंगरी! ए भिंगरी, इकडे ये जरा.

भिंगरी : मी काही केलं नाही.

मामा : अजून विचारलंय कुठे मी? हात दाखव.

भिंगरी : मातीत खेळत होते.

मामा : माती कधीपासून तेलकट झाली गं? नखांत बघ. बाई, सापडला तुमचा सात. हिच्या नखांत आहे.

बाई : भिंगरी, तू पुसलास? तो तर तुझाच नंबर ना?

भिंगरी : माझाच आहे. म्हणून पुसला. दुसऱ्याचा नाही पुसला.

मामा : वा! म्हणजे चोरी केली पण स्वतःच्याच घरी, असं? उन्हात गुडघे टेकून मी तो काढला, आणि तू—

बाई : थांबा, मला बोलू द्या. का पुसलास, बाळ?

भिंगरी : तो नसला की मला उद्या उभं राहावं लागणार नाही. मग मी घरीच थांबीन.

मामा : घरी? अगं, उद्या तुझी आई येणार आहे. बसमधून उतरून थेट शाळेत, हातात पिशवी तशीच. आठवडाभर दुसऱ्या गावी दवाखान्यात नर्सचं काम शिकते, एक दिवस घरी येते, आणि तू घरात लपून बसणार?

भिंगरी : आई येणार म्हणूनच.

मामा : घ्या! हे आमचं गणित.

बाई : आईनं बघू नये असं काय आहे त्यात? किती छान खेळ आहे. दोनच्या उड्या म्हटलं की दोन, चार, सहा उठतात, उंच उडी मारतात, आपला आकडा ओरडतात. बाकीचे खाली बसतात. आवडत नाही तुला?

भिंगरी : बघायला आवडतो.

बाई : आणि खेळायला?

भिंगरी : मी कुठे खेळते? मी बसते.

बाई : हे बघ, पाळीपाळीनं सगळ्यांची वेळ येते. दोनच्या झाल्या की तीनच्या, मग पाचच्या, मग दहाच्या.

भिंगरी : माझी नाही येत.

बाई : असं कसं होईल?

भिंगरी : दोनच्यात सहा उडतो, मग आठ. तीनच्यात सहा उडतो, मग नऊ. पाचच्यात पाच, मग दहा. सगळे माझ्या डोक्यावरून जातात. एकदा मी उगाच उडाले तर तुम्ही म्हणालात, चुकलीस, खाली बस.

मामा : बाई, तुम्ही हिच्या वहीत चिठ्ठी पाठवली होती ना? "टप्प्यानं मोजण्यात कच्ची आहे, घरी सराव घ्यावा." आठ दिवस मी हिच्याकडून दोन-चार-सहा घोकून घेतोय. ढिम्म हलत नाही. मला वाटलं, माझ्यावर गेलीय.

बाई : एक मिनिट. खडू आहे तुमच्याकडे?

मामा : रंगाऱ्याच्या खिशात दुसरं काय असणार? हा घ्या.

बाई : तुम्हीच करा. मी बोलते तसा चौकोनावर ठिपका द्या. दोन, चार, सहा, आठ, दहा... असंच अठ्ठावीसपर्यंत.

मामा : दिले. कंबर गेली, पण दिले.

बाई : आता तीन, सहा, नऊ, बारा, पंधरा, अठरा, एकवीस, चोवीस, सत्तावीस. मग पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस. दहाचे तर आलेच त्यात.

मामा : झालं. आता?

बाई : ठिपका नाही असे कोणते राहिले?

मामा : हा एक नंबरचा. मग आमचा पुसलेला. अकरा... तेरा... सतरा, एकोणीस. आणि तेवीस.

बाई : नीट बघा.

मामा : नीटच बघतोय. सात पोरं आहेत, बाई. सात.

भिंगरी : तेरावर चष्मिस असतो. तो बसल्या बसल्या रडतो. विचारलं की म्हणतो, डोळ्यात धूळ गेली.

बाई : तीन आठवडे! तीन आठवडे मी रोज खडूनं चौकोन आखून हा खेळ घेतेय. सात मुलं रोज खाली बसून राहिली आणि मला दिसलं नाही. वर घरी चिठ्ठी पाठवली की हीच कच्ची आहे.

मामा : होतं हो असं. तुमची नजर उड्या मारणाऱ्यांवर. बसलेल्याकडे कोण बघतं?

बाई : मी बघायला हवं होतं. तेच तर माझं काम. भिंगरी, इकडे ये. चूक तुझी नव्हती, माझी होती. मला वाईट वाटतंय, बाळ.

भिंगरी : बाईंची पण चूक होते?

मामा : होते, पण कबूल करणारी बाई मी आज पहिल्यांदा बघतोय. माझ्या वेळी असती तर मी दोन वर्षं जास्त शिकलो असतो.

बाई : आता उद्याचं काय करायचं? सातचा चौकोन तुम्ही पुन्हा काढाल, पण ही बसूनच राहणार. सातच्या उड्या ठेवल्या असत्या, पण त्या अजून शिकवल्याच नाहीत. पहिलीच्या मुलांना जड जातात.

भिंगरी : मला येतात.

बाई : काय येतं?

भिंगरी : सातच्या. सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस, पस्तीस, बेचाळीस, एकोणपन्नास, छप्पन्न, त्रेसष्ट, सत्तर. आणि उद्या सत्त्याहत्तर.

बाई : अगं! हे कोणी शिकवलं तुला? मामांनी?

मामा : मी? मला विचाराल तर अठ्ठावीसच्या पुढे मला बोटं लागतात.

भिंगरी : कोणी नाही शिकवलं. ते दारामागे आहे.

मामा : दारामागे? त्या रेघा? बाई, रंगाऱ्याच्या घरची भिंत, आणि ही पोरगी त्यावर खिळ्यानं ओरखडे काढते! आठवड्यापूर्वी केवढा ओरडलो मी हिला.

भिंगरी : ओरखडे नाहीत ते. आई गेल्यापासून रोज एक रेघ. सातवी रेघ झाली की आई येते. मग पुन्हा सात, की पुन्हा येते. आई येते त्या रेघेवर मी तुझ्या डब्यातला लाल लावते. मग रात्री झोप नाही आली की नुसते लाल मोजते. मधले सोडून.

मामा : मधले सोडून...

भिंगरी : मधल्या दिवशी आई नसते ना.

मामा : बाई, धूळ फार उडते तुमच्या मैदानात.

बाई : हो. माझ्याही डोळ्यात गेली. भिंगरी, उद्या आपण सातच्या उड्या घेऊ. तू म्हणायच्या, तूच सुरुवात करायची.

भिंगरी : पण मग चष्मिस? सातच्यात तेरा नाही येत. तो बसेल. अकरावाली पण.

बाई : खरंय. अकराच्या, तेराच्या, सतराच्या उड्या घेत बसले तर दुपार होईल.

मामा : मी अडाणी माणूस, पण एक सांगू? पाटीवर ओळ बसत नसली की आम्ही अक्षरं बारीक करत नाही, अख्खी ओळ थोडी सरकवतो. तुमची दोनची ओळ नेहमी दोनवर सुरू होते. ती एकावर सरकवा.

बाई : एकावर? म्हणजे एक... तीन, पाच, सात...

भिंगरी : सात!

बाई : नऊ, अकरा, तेरा, पंधरा, सतरा, एकोणीस, एकवीस, तेवीस... अहो, सगळे आले! सातच्या सात जण आले!

मामा : बघा. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

बाई : तर मग उद्या पहिली फेरी एकावरून. आणि शेवटची सातची. भिंगरी, येशील ना?

भिंगरी : पण माझा चौकोन कुठे आहे?

मामा : आता आली का आठवण! हा घे ब्रश. ज्यानं पुसला त्यानंच काढायचा. हळू. रंग निथळू दे आधी. शेपटी एवढी लांब नको, आठच्या घरात घुसेल.

भिंगरी : वाकडा झाला.

मामा : झाला खरा. मी नीट करू?

भिंगरी : नको. असू दे.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच मैदानाच्या कडेला.)

बाई : आल्या का हिच्या आई? पहिली फेरी झाली. पोरगी एवढी उडाली, पण नजर सगळी फाटकाकडे.

मामा : बस उशिरा आहे म्हणतात. मीही मघापासून रस्त्याकडेच बघतोय. तुमचा तो तेरा नंबर बघितलात? उडी मारताना चष्मा उडाला, तरी पोरगं हसतंय.

बाई : बघितलं. आज मी बसलेल्यांकडेच बघतेय. पण आता शेवटची फेरी थांबवता येणार नाही, पालक खोळंबलेत. भिंगरी! सातच्या उड्या, तू सुरू कर!

भिंगरी : सात!

मामा : शाब्बास! वाकड्या सातवर सरळ उभी आहे बघा.

बाई : हे काय, बाकीच्यांना उडायचंय, आणि ही स्वतःच पुढे निघाली की!

भिंगरी : चौदा! एकवीस! अठ्ठावीस!

बाई : भिंगरी, बस, चौकोन संपले! पुढे आकडे नाहीत!

भिंगरी : पस्तीस! बेचाळीस! एकोणपन्नास!

बाई : अहो मामा, अडवा तिला, कुठे चाललीय ही उड्या मारत?

मामा : राहू द्या, बाई. फाटकात बघा. पिशवी घेऊन कोण उभं आहे.

भिंगरी : छप्पन्न! त्रेसष्ट! सत्तर! सत्त्याहत्तर!

आई : अगं हळू, हळू, पडशील! किती धाप लागलीय. काय मोजत आलीस एवढं?

भिंगरी : तुझे दिवस. मधले सोडून.