लीलाबाईचा जबाब

(सांगली. कोर्टाबाहेरचं चिंचेचं झाड. कडेगावची अंबूबाई आणि फौजेतून परतलेला तिचा धाकटा भाऊ हरिबा.)

अंबूबाई : त्यो शबुद पुन्ना सांग. जज्जसायब सारका म्हनत हुता त्यो.

हरिबा : व्हेग. ऱ्हाऊ दे आता, आक्का. येस्टी चुकंल.

अंबूबाई : चुकू दे. जावई सुटला त्या शबदावर. म्हंजी काय त्ये?

हरिबा : बोलनं नीट उमगंना, धुक्यातल्यागत, म्हंजी व्हेग. फौजेत वायरलेसवर कोन असं बोललं की सायेब वरडायचा, "मेसेज व्हेग हाय, परत बोल!"

अंबूबाई : मग माज्या लीलीला कुनी न्हाई म्हनलं, परत बोल?

हरिबा : म्हनले की. दवाखान्यात डाक्टरनं लय बारी इचारलं, "बाई, रॉकेल कुनी वतलं?" तिचं आपलं एकच, "त्येंनी."

अंबूबाई : मग! त्येंनी म्हंजी नवरा. शेंबडं पोर बी सांगंल.

हरिबा : त्येचा वकील म्हनला, घरात सासरा हाय, थोरला दीर हाय. त्येंची तरी नावं सून कुटं घेती? समदेच "त्ये". मग नेमकं कुनी?

अंबूबाई : भाजल्या तोंडानं बोलली रं ती. सपष्ट बोलली.

हरिबा : व्हय. नाव तेवडं न्हाई घेतलं. डाक्टर हात जोडाय लागला, तरी नुसती मान हलवली तिनं.

अंबूबाई : मीच शिकवलं. पयल्या दिवाळीला म्हायेरी आली, तवा हसत हसत घेतलं हुतं त्येचं नाव. म्या थोबाडीत दिली. म्हनलं, भवाने, नवऱ्याचं आयुष्य घटतं.

हरिबा : कुटलं घटतंय? मगाशी दारात पेढं वाटत हुता.

अंबूबाई : सोता जळली, आन त्येचं आयुष्य राखून गेली माजी लेक.

हरिबा : ऊठ, आक्का. धाकट्या लेकीचं, शालूचं लगीन तोंडावर आलंय. तिच्याकडं बग.

अंबूबाई : तिलाच आज म्होरं बसवते. नवऱ्याचं नाव घ्यायला शिकवते. उखान्यात न्हवं. नुसतं.

हरिबा : बायका हसतील. आन ती इचारंल, आये, तू घेतीस का? दाजींचं नाव तुज्या तोंडून म्या बी कवा ऐकलं न्हाई.

अंबूबाई : ...केरबा.

हरिबा : आक्का!

अंबूबाई : केरबा. एवडंच हुतं व्हय रं?