पायाचं हाड जबड्यात

काय सांगू तुमाला, सांगलीच्या दवाखान्यात पहिल्याच दिवशी बाकावर बसल्या बसल्या मी तंबाखू मळली आन् आपली रीत म्हणून शेजारच्या माणसाला चिमूट पुढं केली, घ्या पाव्हणं म्हटलं, तर त्यो माजाच डॉक्टर निघाला, कोटच घातला न्हवता त्यानं. चिमूट घेतली न्हाई, अख्खी पुडी घेतली, आन् म्हणाला, काका, तोंड उघडा. तोंड उघडतंय कुठं, एक बोट जाईना.

आमी कराडकडचं, ऊसवाली माणसं. थोरला भाऊ फौजेत, मी घरी. शेतीपेक्षा तोंडच जास्त चालवलं. बारसं असू दे, लगीन असू दे, गोष्टी सांगाय मलाच बसवायचं. आन् कॅन्सर झाला त्यो बी तोंडातच, गालातनं जबड्यापातूर गेल्याला.

डॉक्टर म्हणाला, लगेच कापायचं न्हाई, आधी केमो आन् तिच्यासंगं इम्युनोथेरपी, म्हणजे अंगातल्या पहारेकऱ्याला जागं करायचं औषध, मग ऑपरेशन. म्हटलं, माजा पहारेकरी माज्यासारखाच असणार, जेवला की झोपणार. पण जागा झाला बगा. केस गेलं, चव गेली, अंगाला खाज सुटली, पण तिसऱ्या सलाईननंतर गाठ लय बारकी झाली, भाकरीचा घास तोंडात शिरला. मला वाटलं, जिंकलो. डॉक्टरला म्हटलं, आता जबडा कशाला कापताय, माजं बोलणंच जाईल. खरं सांगू, भ्या त्याचंच होतं, मरणाचं नंतर.

बायको, सुशीला, दाराशी उभी होती. आवं, म्हणाली, ऊस तोडला की रान मोकळंच दिसतंय, पण बुडखं जमिनीत ऱ्हायलं तर पुन्ना फुटतंय का न्हाई? तुमी शेतकरी हायसा का नुसत्याच गोष्टी सांगताय? मी ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

जबड्याचं हाड काढलं, तिथं पायाचं बसवलं; म्हणून बोलताना जरा लंगडतो. मागनं रेडिएशन बी झालं.

परवा पुतणीच्या साखरपुड्यात सगळ्यांनी बसवलं मला, काका, सांगा म्हणं. सुरू केलं, तर लाळ गळाय लागली, शब्द निसटाय लागलं, माणसं एकमेकांकडं बघाय लागली. पाणी प्यायचं निमित्त करून मी आत गेलो. सुशीला मागनं आली, पदरानं हनुवटी पुसली आन् म्हणाली, तीस वर्सं तुमी असं भरभर सांगत आलाय की मला कवा धड हसाय सवड मिळाली न्हाई. आता कुठं नीट ऐकाय येतंय. चला भाईर, पुढं सांगा.