एकाच घरातल्या दोन गाठी

डॉक्टर: ...तुमच्यात नाही हो ताई, गाठीत. ते जीन गळून गेलंय फक्त गाठीतल्या पेशींमधून. तुमच्या बाकी अंगात ते शाबूत आहे.

ताई: म्हणजे माझ्याच छातीत बसून, माझंच खाऊन, ती माझ्याहून वेगळी झाली?

डॉक्टर: तसंच म्हणा.

ताई: भाडेकरूनं घराची भिंत पाडावी तशातली गत.

डॉक्टर: आपण जे औषध सलाइनमधून देत होतो, ते स्वतः गाठीला मारत नाही. ते तुमच्या रक्तातल्या शिपायांना उठवतं, आणि ते गाठीवर धावून जातात. पण हे जीन गेलेल्या गाठीकडे शिपाई बऱ्याचदा फिरकतच नाहीत. तुमच्या गाठीचं तेच झालं असावं. ती औषधाला दाद देत नाहीये. वाढलीय.

धाकटा: मग आता?

डॉक्टर: एक नवं औषध आहे. जीन गेल्यामुळे गाठ एका पायानं लंगडी झालेली असते, ते औषध त्याच पायावर घाव घालतं. अजून अभ्यास चालू आहे, त्यामुळे मी खात्री देणार नाही. काहींना गुण येतो, काहींना येत नाही. त्यासाठी पुन्हा एकदा सुईनं तुकडा काढावा लागेल, आणि मोठ्या हॉस्पिटलात काही आठवडे राहावं लागेल.

ताई: नको.

धाकटा: अगं, ऐकून तरी घे.

ताई: ऐकलं की! कान काय घरी ठेवून आलेय? डॉक्टर, आम्ही सख्खी बहीण-भाऊ. एकाच कारखान्यात जन्मभर दगड घासले, एकाच मशीनची धूळ खाल्ली, आजारही मागोमागच निघाला. औषधही तेच. आणि ह्याची गाठसुद्धा वाढलीच ना? मग कशाला आणखी भोकं पाडून घ्यायची?

डॉक्टर: त्यांच्या गाठीबद्दल त्यांनीच बोलावं. मी बोलणं बरं नाही. तुम्ही दोघं जरा बोलून घ्या. मी बाहेरचे पेशंट बघून येते. सुई आज करायची असली, तर मी आले की सांगा.

(डॉक्टर बाहेर जातात. दार नीट लागत नाही. धाकटा उठून ते ओढून घेतो.)

ताई: बस खाली. पाय काय हलवतोस सारखा?

धाकटा: ताई, घे ना ती सुई.

ताई: आणि तिकडे जाऊन राहिले की तुला कोण बघणार? साधा भात लावता येत नाही तुला. मागे मी गेले होते दोन दिवस, तर पातेलं जाळून ठेवलंस. अजून काळं आहे ते. वेळेवर लग्न केलं असतंस तर...

धाकटा: झालं सुरू!

ताई: होणारच सुरू. मुली काय कमी दाखवल्या मी? एक बुटकी, एक बोलते फार, एक तर म्हणे हसतच नाही.

धाकटा: तिला दात दाखवायला पैसे पडत होते गं. ते जाऊ दे. विषय बदलू नकोस.

ताई: बदलत नाही. माझं ठरलंय. घरीच राहायचं. हातपाय चालतायत तोवर तुझं करीन. तू आधी गेलास तर तुझं सगळं नीट करीन, मग माझं काय व्हायचं ते होऊ दे. आई गेली तेव्हा तू माझ्या कडेवर होतास. कडेवरचं पोर टाकून मी सुया टोचून घ्यायला जाऊ?

धाकटा: ताई.

ताई: काय?

धाकटा: माझी वाढली नाहीये.

ताई: काय नाही वाढली?

धाकटा: गाठ. कमी झालीय. निम्म्याच्या खाली आलीय.

ताई: उगाच माझं मन राखायला काहीतरी बोलू नकोस.

धाकटा: मन राखायला बोलायचो ते आधीचं. हे खरं आहे. पहिल्या स्कॅनपासून कमी होतेय.

ताई: त्या दिवशी तू पायरीवर बसून ढसाढसा रडलास. मी पाठीवरून हात फिरवला तुझ्या.

धाकटा: रडलो ते खरंच होतं. आधी तुझा रिपोर्ट वाचला, मग माझा.

ताई: तरीच! तरीच तुझ्या विजारी घट्ट व्हायला लागल्या. आणि मी म्हणतेय, धुऊन आकसल्या. शिवण उसवून दिली मी, मेल्या!

धाकटा: मार हवं तर.

ताई: मारायला दम आहे का अंगात? अरे, सांगायला तुझी जीभ का उचलली नाही?

धाकटा: कुठल्या तोंडानं सांगायचं? तू उपाशी राहून मला वाढवलंस. धूळ उडायला लागली की ओलं फडकं तू माझ्या नाकाला बांधायचीस, तुझं नाक उघडंच. आणि औषध लागू पडावं मला? लाज वाटली गं. म्हटलं, माझीही वाढलीय म्हणालो की तुला एकटं वाटणार नाही.

ताई: नाहीच वाटलं.

धाकटा: पण तेच अंगाशी आलं. आता तू म्हणतेस, दोघांना गुण नाही, तर डॉक्टरांचं ऐकायचंच कशाला. तुझ्या गाठीनं नाही, माझ्या खोट्यानं जाशील तू. मग मी काय करू? सांग ना, काय करू मी?

ताई: हळू बोल. बाहेर लोक बसलेत.

धाकटा: बसू देत.

ताई: एकाच आईचं दूध प्यायलो रे आपण.

धाकटा: आईचा काही संबंध नाही त्यात. आत्ताच ऐकलंस ना? तुझ्या गाठीनं आपलं आपण ते जीन टाकलं. माझ्या गाठीनं नाही टाकलं. एवढाच फरक.

ताई: एवढाच. ...निम्म्याच्याही खाली?

धाकटा: हो.

ताई: मला आनंद झालाय हो. खोटं नाही सांगत. पण मेलं आत काहीतरी तुटल्यासारखंही झालंय. वाटत होतं, दोघं आहोत.

धाकटा: दोघंच आहोत की.

ताई: नाही रे राजा. घरात दोघं. या वाटेला मी एकटीच. तू रडू नकोस, विजार आधीच उसवलीय, हुंदक्यानं फाटेल.

धाकटा: सुई घेशील?

ताई: नव्या औषधाचाही गुण नाही आला तर?

धाकटा: मला माहीत नाही.

ताई: हे बरं बोललास. आता असंच बोलत जा. खोटं बोललास तर जेवायला वाढणार नाही. जा, बोलाव डॉक्टरांना. म्हणावं, दोन्ही गाठींचं सगळं माझ्यासमोर बोला आता.

धाकटा: बोलावतो. आणि ताई, घरी गेल्यावर आराम कर हां. सुईनंतर काही करायचं नाही.

ताई: नाही करणार. आजपासून भात तू लावायचास. मी नुसती शेजारी बसेन.

धाकटा: पाणी किती घालायचं?

ताई: ते मी विचारणार, तू सांगायचंस. चुकलं तर आत्ताच चुकू दे.