तीन ते चार

नेटवर्कवाला : बाई, तुमच्या संगणकात पत्त्यांची एक यादी असते. तिच्यात साहेबांच्या संगणकाच्या नंबरापुढे झेरॉक्स मशीनचा पत्ता आहे, म्हणून तुमच्या संगणकाची उत्तरं त्या मशीनकडे जातात आणि साहेबांचे निरोप वाटेतच अडतात. हे आपोआप होत नाही, कोणीतरी हाताने टाकलंय.

हेडक्लार्क बाई : कोणीतरी कशाला? मीच टाकते. रोज तीनला टाकते, चारला काढते.

नेटवर्कवाला : तुम्ही? काळ्या खिडकीत कमांड लिहून?

बाई : तुमच्या आधीचे गृहस्थ शिकवून गेले. एआरपी, आडवी रेघ, एस. काढायचं तर एसच्या जागी डी. त्यात काय एवढं?

नेटवर्कवाला : अहो, पण कशासाठी?

बाई : जेवण झालं की साहेबांना हुकूम सुचतात. तीनला कपाटं खिडकीपाशी न्या, सव्वातीनला भिंतीपाशी. माणसांच्या कमरा गेल्या हो. आता साहेबांचं सगळं अडून राहतं आणि चारला एकदम येतं. मी फक्त शेवटचं वाचते. बहुतेक वेळा ‘काही हलवू नका’ एवढंच असतं.

नेटवर्कवाला : निरोप वेळेवर पोचत नाहीत, अशी साहेबांनीच तक्रार केलीय. मला अहवाल द्यावा लागेल. तुमची नोकरी जाईल.

बाई : सात महिने राहिलेत निवृत्तीला. तरी खरं तेच लिहा.

(साहेब दारात येऊन उभे राहतात.)

साहेब : सापडला का बिघाड?

बाई : बिघाड नाही साहेब. मीच आहे. तीन ते चार तुमचे निरोप मीच अडवते.

साहेब : म्हणजे मागच्या बुधवारी मी तुम्हाला कामावरून काढलं, ते पोचलंच नाही?

बाई : चारला पोचलं असणार. त्याच्यामागून काय पाठवलंत?

साहेब : पावणेचारला परत घेतलं.

बाई : मग झालं तर. मी तेवढंच वाचलं.

साहेब : आणि त्याच्या आधीच्या सोमवारी?

बाई : तेव्हाही काढलं होतंत?

साहेब : दोनदा. पण हे फार झालं, बाई. आज तुम्हाला खरंच काढतो. तोंडी नाही, रीतसर लेखी. आत्ता खोलीत जाऊन पाठवतो.

नेटवर्कवाला : ...गेले. बाई, तीन वाजून दहा मिनिटं झालीत. तो पत्ता मी अजून काढलेला नाही.

बाई : राहू द्या.

नेटवर्कवाला : आणि अहवाल?

बाई : चारनंतर लिहा. मी कामावर आहे की नाही, ते तेव्हाच कळेल.