उजव्या पायाचा जोर

अगं, पहिल्यांदा खटकलं ते इतकंच, की आमची सगळ्यात भारी खेळाडू सायली उजव्या पायावर जोरच देत नव्हती. सांगलीत रोलर हॉकीचा सामना होता आणि गोलकीपर मी, आधीच घाबरट. दोन गोल खाल्ल्यावर मी आमच्या कोच सरांवरच ओरडले, "आळस करतेय ती! तुम्हीच लाडावून ठेवलंय."

"आळस न्हाई गं, गुडघे वाकवत न्हाई ती. माझंच शिकवणं कमी पडलं."

सायलीनं दोघांचंही ऐकलं. सामना संपल्यावर स्केट्स माझ्यापुढं ठेवले आणि अनवाणीच रिक्षानं जवळच माधवनगरला आईकडं गेली. उजव्या बुटातला कापूस रक्तानं भिजला होता.

साताऱ्याला परतताना गाडीतून मी सारखी फोन लावत होते. कराडच्या पुढं तिच्या आईनं उचलला.

"आळशी म्हणणारी तूच का गं? थांब, फोन देती तिला."