शेवटचा थांबा मांडवी

(मे २००८. ‘रत्नागिरी दर्शन’ची बस भगवती किल्ल्याची चढण चढते आहे. दुपारचे चार वाजून गेलेत.)

भार्गवी: पण तुम्ही तर इथल्याच म्हणता. मग रत्नागिरीच बघायला तिकीट काढून बसलात?

गुणवंती: बसले तर. मांडवीला माजं घर. पंचवीस वर्षं टोपली घेऊन ह्याच आळ्यांतून फिरले. थिबा राजाच्या वाड्यामागल्या घरांत बांगडे इकले. वाड्यात पाय ठेवला तो आज सकाळी, तुमच्यासंगट.

भार्गवी: मग? आवडला का?

गुणवंती: मोठा हाय. पण बिचारा राजा! मुलूख गेला, माणसं गेली, नि खिडकीत बसून दर्या बगायचा. मना तर रडूच आलं.

भार्गवी: मला वाटलंच, तुम्ही डोळे पुसत होतात. आणि मत्स्यालयात मात्र आत आलाच नाहीत.

गुणवंती: मी काय मासे काचेतून बगू? तुमी पुण्याची माणसं, तुमी बगा.

भार्गवी: माझी मावसबहीण लीला दिवाळीत येऊन गेली. तिनंच सांगितलं, बस कुठलीही घे, पण श्रीपती मास्तर ज्या बसवर असतील तीच घे. शाळेतले रिटायर्ड मास्तर, काय रंगवून सांगतात म्हणे! किल्ल्यावर कुठल्याशा होडीची गोष्ट सांगतात, ती तर तिनं घरी आम्हा सगळ्यांना ऐकवली.

गुणवंती: पुण्याला पोचली?

भार्गवी: काय?

गुणवंती: गोष्ट. पुण्यापत्तूर पोचली म्हणायची. मी तीच ऐकायला आलेय.

श्रीपती मास्तर: मंडळी, सावकाश उतरा! दगड सुटे आहेत, चपला सांभाळा. हं, या असे माझ्याभोवती. माइक बसमध्येच राहिला, पण चाळीस वर्षं वर्गात ओरडलोय, माइकचं काही अडत नाही. मागे भगवतीचं देऊळ, ते बघू आपण. तिकडे दीपगृह. आणि आता खाली बघा. तो मांडवीचा धक्का. धक्क्याच्या अलीकडे काळा खडक दिसतो? भरती आली की तो दिसणार नाही. लक्षात ठेवा तो खडक.

भार्गवी: हीच, हीच ती गोष्ट!

श्रीपती मास्तर: तीन वर्षं होतील आता. सप्टेंबर महिना, तिन्हीसांजेची वेळ. बाबल्या नावाचा एक तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान हो, चार खलाशी घेऊन परत येत होता. वीस वर्षं ह्याच वाटेनं आलेला-गेलेला माणूस. डोळे मिटून होडी आणील अशी ख्याती! धक्का समोर. घरची माणसं वाट बघतायत. पण त्या दिवशी तांडेलाच्या पोटात होती दारू! सरळ वाट सोडलीन आणि भरल्या होडीनिशी गेला तो त्या खडकावर. तांडेल गेला, तीन खलाशी गेले. एकटा रावजी तेवढा पोहत किनाऱ्याला लागला. बाटलीनं चार घरं बुडवली, मंडळी. तर आता पंधरा मिनिटं फोटो काढा, दर्शन घ्या. खाली कोकम सरबत उत्तम मिळतं.

भार्गवी: काय सांगतात नाही! अंगावर काटा आला माझ्या. अहो... काय झालं? बसा, बसा इथे. पाणी देऊ?

गुणवंती: टाळ्या वाजवल्यानी.

भार्गवी: कुणी?

गुणवंती: लोकांनी. तो पलीकडचा चष्मेवाला नि त्याची बायको. माजा घोव बुडाला, नि त्यांनी टाळ्या वाजवल्यानी.

भार्गवी: तुमचा... तो तांडेल... अगं बाई! मला काय ठाऊक! आणि मी मेली तुम्हाला कौतुक सांगत बसले होते.

गुणवंती: तुमचा काय दोष, बाय? तुमी ऐकलंत ता बोललात. मास्तरांस जरा हाक मारता? मना बोलायचं हाय त्यांच्याशी.

भार्गवी: मास्तर! अहो मास्तर, जरा इकडे या. नाही, फोटो नकोय. ह्या बाईंना तुमच्याशी बोलायचंय.

श्रीपती मास्तर: या उन्हानं होतं हो असं. लिंबू देऊ का? माझ्या पिशवीत...

गुणवंती: लिंबू नको. वळखलंत मना? सकाळपासून पदर पुढं घेऊन बसले व्हते. आता बगा नीट.

श्रीपती मास्तर: कुठंतरी पाहिल्यासारखं... मासळी बाजारात का?

गुणवंती: धक्क्यावर. हातात कंदील व्हता माज्या.

भार्गवी: मास्तर, तुम्हीपण बसा. घाम फुटलाय तुम्हाला.

श्रीपती मास्तर: बाबल्याची... तुम्ही बाबल्याच्या घरातून?

गुणवंती: गुणवंती.

श्रीपती मास्तर: हे बघा बाई, ही गोष्ट मी काही पदरची बनवलेली नाही. दुसऱ्या दिवशी अख्खी वाडी म्हणत होती. मी आपलं ऐकलेलं सांगतो.

गुणवंती: म्हणत व्हती. मी सुदीक म्हटलं! वीस वर्षं ज्या माणसाची वाट चुकली नाय तो खडकावर जातो कसा? प्यायलाच असणार. तेरावं झालं नि त्याचा फोटो मी भिंतीवरनं काढला, कपड्याच्या पेटीत तळाला घातला. तीन वर्षं त्याला शिव्या घातल्या मी, मास्तर. ज्यांचे कर्ते गेले त्या बायांच्या दारात जाऊन त्याच्यापायी नाक घासलं. मथुरा माज्या तोंडावर दार लावते अजून.

भार्गवी: आणि ते खरं नव्हतं?

गुणवंती: शिमग्याच्या आदी रावजी गेला. कावीळ झाली व्हती. जायच्या दोन दिस आदी मना बोलावलान. म्हणाला, वयनी, बाबल्यानं त्या दिशी थेंब घेतला नव्हतान. आमी दिव्यावर आलो.

श्रीपती मास्तर: मग इतके दिवस हा गप्प का बसला? तेव्हाच सांगायचं होतंन.

गुणवंती: भ्याला. होडीच्या नाळेवर, पुढं, तोच उभा व्हता. दिवा बगायचं काम त्याचं. मी वाडीत सांगितलं तर कोण ऐकतो? म्हणतात, रावजी मेला, आता बायको नवऱ्याचा कैवार घेणारच.

भार्गवी: मला नीट कळलं नाही. कुठला दिवा?

गुणवंती: त्या वर्साला लोडशेडिंग किती व्हतं, ठावं हाय ना? धक्क्यावरचा दिवा नेमका तिन्हीसांजेला जायचा. मग आमची रीत. ज्याची होडी मागं राहिली, त्याच्या घरच्या बाईनं कंदील घेऊन धक्क्याच्या टोकाशी उभं राह्यचं. होडी लागेस्तवर हलायचं नाय. पाऊस असो, वारा असो. कंदिलावर नजर ठेवून होडी आली की खडक चुकतो. त्या दिशी आमचीच होडी मागं. मी उभी व्हते. नि खडकाच्या अंगाला ‘रत्नागिरी दर्शन’ची बस येऊन थांबली. तोंड दर्याकडे. पुढले दोनी दिवे पेटलेले.

श्रीपती मास्तर: देवळात जाऊन येतो जरा.

भार्गवी: मास्तर, थांबा. तुमची बस होती ती?

गुणवंती: मास्तर नाय म्हणाले तर मी आत्ता उठून घरी जाते. भगवतीसमोर उभे हाव आपण. म्हणा नाय.

श्रीपती मास्तर: ...पाच मिनिटं हो. पाच मिनिटंच.

भार्गवी: अरे देवा.

श्रीपती मास्तर: गणपतीपुळ्याहून यायला उशीर झाला. बसमध्ये नागपूरची मंडळी, पोरंबाळं. मांडवीला आलो तर सगळा काळोख. कुरकुर सुरू झाली, तिकिटात मांडवी लिहिलीय आणि समुद्र कुठाय? मीच म्हटलं ड्रायव्हरला, गाडी वळव, दिवे लाव, लाटा तरी दिसू देत. पोरं खूश झाली. नाचायला लागली उजेडात. मग ओरडा ऐकू आला, तेव्हा वाटलं वाडीत भांडण आहे. आम्ही निघालो.

भार्गवी: आणि नंतर? नंतर तरी कळलं असेल ना?

श्रीपती मास्तर: ड्रायव्हर त्याच रात्री म्हणाला, मास्तर, आपले दिवे तर नव्हते? मी त्याला झापलं. वेडा आहेस का म्हटलं. पुढच्या महिन्यात त्यानं काम सोडलं. मग कुणीतरी म्हणालं, तांडेल प्यायलेला होता. काय सांगू बाई, त्या दिवशी मी पोटभर जेवलो! आणि मग सांगत सुटलो. आज ह्या बसला, उद्या त्या बसला. इतक्या वेळा सांगितलं की मलाच ते खरं वाटायला लागलं. नीच आहे मी. दुसरा शब्द नाही.

गुणवंती: नीच असाल. ता तुमचं तुमी बगा. मी पण ते दिवे बगितले व्हते, मास्तर. मना वाटलं, पाव्हणे आलेत, बगू देत बापडे दर्या. हाकेच्या अंतरावर तर बस व्हती. धावत येऊन म्हणाले असते, दिवे इजवा, तर तुमी काय नाय म्हणणार व्हता? माज्या डोक्यातच आलं नाय. तुमी जेवलात तरी. मना शिमग्यापासून घास उतरत नाय.

भार्गवी: असं नका हो बोलू. तुमची काय चूक त्यात?

श्रीपती मास्तर: मी उद्यापासून ही गोष्ट सांगणार नाही. शप्पथ. भगवतीच्या पायरीवर सांगतो, पुन्हा तोंडातून निघणार नाही.

गुणवंती: ता नको मना.

श्रीपती मास्तर: मग?

गुणवंती: गप्प बसायचं नाय, सांगायचं. माजा सूरज आता तांडेल व्हतोय. होडी रंगवून तयार. नारळी पुनवेला दर्यात घालायची, नि खलाशी एक मिळत नाय. मिऱ्यापास्नं पूर्णगडापत्तूर फिरला. दारुड्या तांडेलाचा पोर, ह्याच्या होडीत कोण चढणार? काल म्हणाला, आये, होडी इकतो नि मिरजोळ्याला कारखान्यात लागतो. त्याला दर्याबिगर श्वास येत नाय. तो कारखान्यात मरंल. आज शेवटचा थांबा मांडवी ना तुमचा?

श्रीपती मास्तर: हो.

गुणवंती: सूरजनं वाडीतल्या माणसांस थांबवून ठेवलंय धक्क्यावर. मथुरा बी येणार हाय. तितं सांगा. आत्ता सांगितलीत तशीच. नागपूरची पोरं नाचली ती बी सांगा.

श्रीपती मास्तर: वाडीसमोर? अहो, चार जीव माझ्या माथी मारतील. मला जिवंत सोडतील का?

गुणवंती: तीन वर्षं ते चार जीव माज्या घराच्या माथी हायत. मना कोणी मारलं नाय. बोलायचं सोडतात फक्त.

श्रीपती मास्तर: गावात तोंड दाखवता यायचं नाही मला. माझे विद्यार्थी आहेत त्या वाडीत.

गुणवंती: सूरज तुमचाच इद्यार्थी. सातवीत तुमच्या वर्गात व्हता. तुमी त्याला म्हणायचात, खरं बोलायला डोकं लागत नाय. घरी येऊन सांगायचा.

भार्गवी: मास्तर, लोक बसमध्ये बसलेत. हॉर्न वाजवतोय ड्रायव्हर.

श्रीपती मास्तर: चला. चला मंडळी... हो, सरबत राहिलं. राहू दे.

भार्गवी: अहो, बस किल्ल्यावरून निघाल्यापासून मास्तरांनी माइक हातात घेतला नाहीये. भाट्याच्या किनाऱ्यावर पण नुसते उभे होते. तो चष्मेवाला विचारत होता, गाईड आजारी आहे का. सांगतील असं वाटतं तुम्हाला?

गुणवंती: मना काय ठावं? न सांगतील तर मी बसमधनं उतरेन नि सूरजला सांगेन, इक बाबा होडी. बाकी माज्या हातात काय हाय?

भार्गवी: माझा हात धरा.

गुणवंती: तो बगा. निळा शर्ट. सूरज माजा. बापासारकाच उभा राहतो, एका पायावर भार टाकून.

श्रीपती मास्तर: मंडळी, मांडवी. शेवटचा थांबा. उतरा, पुढे धक्क्यावर या. अंधार पडतोय, सांभाळून... गेली वीज. ड्रायव्हर! बसचे दिवे विझव आधी. पुढचे, आतले, सगळे. लोक ओरडू देत. एक दिवा पेटता ठेवू नकोस, तुझ्या पाया पडतो.

भार्गवी: आले हो ते. तुमच्या वाडीतल्या माणसांच्या समोरच जाऊन उभे राहिले.

श्रीपती मास्तर: सूरज, पुढे ये रे. मथुराबाई, तुम्हीपण या. मला ओळखता सगळे. बसमधल्या मंडळींना मी मघाशी वर किल्ल्यावर एक गोष्ट सांगितली. ती खोटी आहे. बाबल्या प्यायला नव्हता. त्या दिवशी इथे, ह्याच जागी बस उभी होती. तिचे दिवे समुद्राकडे लाव, असं ड्रायव्हरला मी सांगितलं. पोरांना लाटा दाखवायला. होडी त्या दिव्यांवर आली. मला त्याच रात्री कळलं होतं, आणि मी तीन वर्षं त्याला दारुड्या म्हणत आलो. मी. श्रीपती मास्तर. आता तुम्हाला काय करायचं ते करा. सूरज, तुझ्या बापाची काही चूक नव्हती रे.

भार्गवी: ती म्हातारी बाई रडतेय... मथुरा का ती?

गुणवंती: मथुरा. सूरजचा हात धरलान तिनं.

भार्गवी: तो चष्मेवाला बघा, काय विचारतोय. म्हणे, वीस वर्षं जाणारा माणूस, त्याला कंदील कुठला नि बसचा दिवा कुठला, एवढं कसं कळलं नाही?

श्रीपती मास्तर: ते मला नाही सांगता यायचं, साहेब.

गुणवंती: मी सांगते. सरा जरा, बाय, पुढं जाऊ दे मना. सूरज, तू बी ऐक, तुला हे सांगितलं नाय मी. रावजी नाळेवर व्हता. त्यानं इचारलान, तांडेला, दिवा आज लय मोठा दिसतो रे. तर तुजा बापूस हसला नि म्हणाला, उशीर झालाय ना आपल्यास, आज गुणवंतीनं दिवा मोठा लावलान.