उशीची जाहिरात

दवाखान्याच्या बाकावर निवृत्त मास्तर आपल्या नंबराची वाट पाहत बसले होते. शेजारी नणंद-भावजय मोबाइलमध्ये डोकं घालून खुसखुसत होत्या आणि पलीकडे सासूबाई पेंगत होत्या.

“वन्सं, पेपरवाल्यांनी आपली जाहिरात परत नाकारली! उद्या दुकान उघडायचंय आणि कुणाला पत्ताच नाही.”

“अगं, ‘मानदुखी कायमची घालवू’ हा खोटा दावा म्हणाले, म्हणून काढला ना आपण?”

“आता म्हणतात, मजकूर अश्लील आहे.”

“उशीत कसलं आलंय अश्लील? वाच बघू.”

“‘रात्री एकटे झोपता? आमच्याकडे या. मऊ, गुबगुबीत, रात्रभर साथ मिळेल.’”

“अगं बाई! उशी हा शब्दच राहिला की! कुणी लिहिलं हे?”

“तुमच्या आईंनी.”

सासूबाई खाडकन जाग्या झाल्या. “दात काय काढताय? हे गेल्यापासून उशी कवटाळल्याशिवाय माझा डोळा लागत नाही. खरं तेच लिहिलं.”

मास्तरांनी घसा खाकरला.

“माफ करा, दुकान कुठं आहे आपलं? मीही एकटाच झोपतो.”

“बघ!” सासूबाईंनी सुनेला कोपरानं ढोसलं. “माझ्या ओळीनं गिऱ्हाईक आणलं की नाही?”